डायलिसिस आणि आहार : बदललेला विचार

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास ‘डाळ बंद’ असे सांगण्याची रीत जुनी आहे व तिला आधारही होता. प्रथिनांपासून होणारा युरिया शरीरात साठतो, म्हणून इटलीतील जिओर्दानो (१९६३) व जिओव्हानेत्ती (१९६४) यांनी अल्पप्रथिन आहाराचा पुरस्कार केला.

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड वापरले. १९६० मध्ये सिॲटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या शंटमुळे हा उपचार वारंवार, दीर्घकाळ देणे शक्य झाले. मात्र युरियाबरोबर अमिनो आम्लेही वाहून जाऊ लागली. जुने पथ्य आता कुपोषणास कारण ठरू लागले. अमेरिकेतील १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून लोवरी व ल्यू यांनी १९९० मध्ये दाखविले की, रक्तातील अल्ब्युमिन जितके कमी, तितका मृत्यूचा धोका अधिक.

म्हणूनच आहाराची गरज ठरविताना केवळ वजन पाहून भागत नाही. अंगावरील सूज स्नायूंची झीज झाकते. डायलिसिसनंतरचे वजन, भूक, स्नायू व रक्ततपासणी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. अमेरिकेतील २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्थिर प्रकृतीच्या रुग्णास दर किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलो वजनास ५० ते ६० ग्रॅम. प्राणिज की वनस्पतिजन्य, याविषयी त्यांत आग्रह नाही. शाकाहारी रुग्णाने पोटॅशियम व फॉस्फरस सांभाळून डाळी व दूध यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. उपवासाचा संकल्पही डॉक्टरांना विचारूनच करणे श्रेयस्कर होय.