खचलेली भूमि

पाणी उपसलें म्हणजे भूमि हातीं येते, ही समजूत फार जुनी आहे. ती कितपत खरी, हें पाहण्यास इंग्लंडच्या पूर्वेकडील ‘फेन’ नांवाच्या पाणथळ प्रदेशाचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

या प्रदेशाच्या दक्षिण भागांतील काळ्या मातीस पीट म्हणतात. पाण्याखालीं हवेचा शिरकाव होत नसल्यामुळें लव्हाळे, बोरू व गवतें पुरतीं कुजत नाहींत, आणि त्यांचे थर हजारों वर्षें साचत जातात. ओल्या पीटच्या वजनांत दहांपैकीं सुमारें नऊ भाग पाणीच असतें. म्हणजे येथें पाणी जमिनीवर उभें नसून जमीनच पाण्याच्या आधारावर उभी असते.

सतराव्या शतकांत बेडफर्डचे चौथे अर्ल व त्यांचे भागीदार यांनीं या भूमीच्या निचऱ्यासाठीं भांडवल घातलें. कॉर्नेलिअस व्हर्मायडन या डच इंजिनिअराच्या देखरेखीखालीं ऊज नदीचें पाणी थेट नेणारा सुमारें २१ मैलांचा सरळ कालवा १६३७ त पुरा झाला; १६५१ त त्याच्या जोडीस दुसरा खणला गेला. मासे, पाणपक्षी व लव्हाळे यांवर जगणाऱ्या लोकांनीं विरोध केला, पण तो चालला नाहीं. काळ्या रानांत पिकें जोमदार आलीं खरीं. परंतु पाण्यामागून जमीनहि निघाली. वाळलेलें पीट आकसलें, आणि आंत हवा शिरतांच तें कुजून वायुरूपानें नाहींसें होऊं लागलें. शेतें नद्यांच्या पातळीखालीं गेलीं. मग पाणी वर चढविण्यास पवनचक्क्या आल्या, एकोणिसाव्या शतकांत वाफेचीं यंत्रें आलीं. आणि प्रत्येक सुधारणेनें जमीन आणखी खचून पुढच्या सुधारणेची गरज उत्पन्न केली.

१८५१ त व्हिट्लसी मीअर हें विस्तीर्ण सरोवर रिकामें करण्यांत आलें. त्याच सुमारास जवळच्या होम फेनमध्यें एक खांब रोवून त्याचें टोंक जमिनीच्या पातळीस ठेविलें. १८६० पर्यंत तो सुमारें पावणेपांच फूट उघडा पडला. आज तो १३ फूट वर दिसतो. खांब चढला नाहीं, भूमि उतरली.

पुराचें भय तरी टळलें काय? मार्च १९४७ मध्यें बर्फ वितळून नद्या फुगल्या, बांध फुटले, आणि खचलेलीं शेतें पाण्याखालीं गेलीं.

फेन सपाट आहे. डोंगरमाथ्यावरील पीटमध्यें चर खणल्यानें पूर वाढतो कीं घटतो, याविषयीं शास्त्रज्ञांतहि मतभेद झाला. कॉनवे व मिलर यांस उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरांत असें आढळलें, व त्यांनीं तें १९६० त प्रसिद्ध केलें, कीं चर खणलेल्या व जाळलेल्या पीटवरून पावसाचें पाणी लवकर व एकदम धांवतें. आयर्लंडांत ग्लेनॅमॉय येथें बर्क यांस उलट आढळलें. आमच्या मतें हा विरोध वरवरचा आहे. भिजलेलें पीट भरल्या घागरीसारखें असतें. त्यांत नव्या पावसास जागा थोडी. चरांनीं वरचा थर वाळला तर जागा होते व पाणी कांहीं काळ मुरतें. पण तेच चर पाणी पळण्याच्या वाटाहि होतात, आणि शेवाळाचें आच्छादन गेलें कीं त्यास अडविणारें कांहीं उरत नाहीं. कोणता परिणाम वरचढ ठरेल, हें उतार, चरांमधील अंतर व पीटचा पोत यांवर अवलंबून आहे.

होम फेनच्या आसमंतांत पाणी पुन्हा राखण्यासाठीं २००१ त ‘ग्रेट फेन’ हा उपक्रम सुरू झाला. ओल टिकली तर झीज मंदावते. पण गेलेली १३ फूट माती कोणत्याहि खजिन्यांतून परत मिळणार नाहीं. पाण्यास शत्रु मानून ज्यांनीं नफ्याचा हिशेब मांडला, त्यांनीं मुद्दलच खर्चीं टाकलें.