हर्णैला बोट थांबायची तेव्हा

कोळगावच्या आम्ही गटातल्या बाया यंदा थंडीत दापोलीजवळच्या हर्णै बंदराला जाऊन आलो. खरं तर ठरलं होतं देवदर्शनाचं. पण गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींचं माहेर त्या बाजूला. त्या म्हणाल्या, "एकदा मला बंदर दाखवा, मग कुठंही न्या." म्हणून पहाटे तीनला गाडी काढली.

हर्णैला पोचल्यावर मावशी किल्ल्याकडे बघेचनात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा. १७५५ साली इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आम्ही फोटो काढत होतो आणि मावशी किल्ल्याच्या पलीकडे बोट दाखवत होत्या, "तिथं उभी राहायची आगबोट."

धक्का नव्हता, काठाला पाणी उथळ. त्यामुळे मुंबईहून आलेली बोट लांब खोल पाण्यात थांबायची आणि गावातून पडाव जायचे. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी पाय उचलायचा. पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं हातोहात. काठाशी गुडघाभर पाणी, तिथून बायकांना खलाशी उचलून वाळूवर आणून ठेवायचे. मावशी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आल्या तेव्हा नव्या लुगड्यासह अशाच उतरल्या. "लाजेनं डोळे मिटले होते," म्हणाल्या, "म्हणून गाव दिसलंच नाही."

त्या काळी कोकणातली निम्मी घरं मुंबईच्या गिरणीवर चालायची. पुरुष तिकडे, बाई शेताला. दोघांमधला दुवा म्हणजे मनीऑर्डर आणि ही बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत ती पणजीला जायची. पावसाळ्यात मात्र बंद. लावणीच्या दिवसांत घरात काही झालं तर बाईने एकटीने निभवायचं. हे इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही, बी.ए.ला तर अजिबात नव्हतं.

या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी चालत. स्वदेशीच्या चळवळीत सहकारी कंपनीही निघाली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. नाव ऐकून आम्हाला आपला गटच आठवला. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास, सेंट झेवियर अशी नावं. पण संतांच्या नावाने समुद्र ऐकत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, दिव्यांच्या अवसेला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, पण अलिबागकडच्या किती घरांना त्या वर्षी सण नव्हता.

आपल्या बाजूला अशी बोट का नव्हती, हे आमच्यातल्या एकीने विचारलं. कारण साधं आहे. पालघर-डहाणूच्या पट्ट्यातून रेल्वे १८६४ सालीच मुंबईला पोचली. हर्णैवाल्यांना खेडला रेल्वे मिळाली ती कोकण रेल्वे आली तेव्हा, १९९०च्या दशकात. मधली सव्वाशेहून अधिक वर्षं त्यांनी समुद्रावर काढली, पुढे एसटीवर. आपली तारापूर, केळवे, डहाणू ही बंदरं होती, पण प्रवासी रुळावर गेले. त्याआधी आपल्याकडेही नावाच होत्या. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या, असं त्यात कोरलंय. डहाणुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. फुकट, बायांनो! आणि आपण साकवासाठी किती अर्ज केले ते मोजा.

कोकणची बोट १९८०च्या दशकाच्या शेवटी बंद पडली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ निघाली, पण तिचे प्रवासी रात्री झोपायचे आणि सकाळी गोव्यात उठायचे. हर्णै अंधारात मागे. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाजवळ आजही मोठी जहाजं लांब थांबतात आणि छोट्या बोटी प्रवाशांना काठाला आणतात. पुढे डोंगरावरच्या गावात जायला पायऱ्या, खेचरं किंवा रोपवे. तिथले प्रवासी दोन-चार तास भटकून, खरेदी करून परत जातात. हर्णैला उतरणारा मात्र घरी आलेला असायचा. तो खरेदी करत नव्हता, वाट बघणाऱ्यांसाठी मुंबईहून काहीतरी घेऊन यायचा. हा फरक आम्ही गाडीत बराच वेळ बोललो, कारण केळव्याला शनिवार-रविवारी स्टॉल लावायचा की नाही हे आमचं अजून ठरत नाहीये.

संध्याकाळी लिलाव लागला. मोठ्या होड्या अजूनही लांबच उभ्या राहतात. मासळी काठाला आणायला छोट्या होड्या आणि पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्या. बोली लावणाऱ्या बायका खणखणीत. आमच्यातल्या दोघी सातपाटीच्या माहेरवाशिणी, त्यांनी लगेच भावावरून वाद घातला आणि सुके बोंबील स्वस्तात मिळवले.

मावशी तोवर चपला हातात घेऊन पाण्यात गेल्या होत्या. गुडघ्यापर्यंत. हाक मारली तर म्हणाल्या, "थांबा गं, या वेळी डोळे उघडे ठेवून येते."