मुलांसाठी अवकाश संशोधनाचा इतिहास आणि परभणीचे आकाश

मुलांना सांगितला जाणारा अवकाश संशोधनाचा इतिहास बहुधा ४ ऑक्टोबर १९५७ च्या स्पुटनिकपासून सुरू होतो. पुढे १९६१ चा गागारिन, १९६९ चा आर्मस्ट्राँग आणि भारतापुरते १९६३ चे थुंबा, १९७५ चा आर्यभट, १९८४ चे राकेश शर्मा असा क्रम लागतो. हा इतिहास खोटा नाही. परंतु सेलू किंवा पालमच्या विद्यार्थ्याला तो दूरदेशीचाच वाटतो. वस्तुतः या संशोधनाचा एक प्रवाह त्याच्याच आकाशाशी निगडित आहे.

तो प्रवाह म्हणजे हैदराबादहून सोडले जाणारे वैज्ञानिक फुगे होत. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी डॉ. होमी भाभा यांनी फुग्यांचा मार्ग अवलंबिला आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ मध्ये हैदराबाद येथे कायमस्वरूपी केंद्र उभारले. पातळ पॉलिथिनचा, हायड्रोजनने भरलेला हा फुगा तीस ते चाळीस किलोमीटर उंची गाठतो. तेथे सुमारे ९९ टक्के वातावरण खाली राहिलेले असते. त्यामुळे जमिनीपर्यंत न पोहोचणारे क्ष-किरण व अवरक्त किरण टिपता येतात. काम संपल्यावर उपकरणे हवाई छत्रीने खाली येतात. ती हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरपर्यंत उतरू शकतात, आणि परभणीचे सरळ रेषेतील अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. ते राजकीय नाते तुटले तरी आकाशाचा शेजार राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा उड्डाणांपूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या निवेदनांत मराठवाड्यातील अन्य जिल्ह्यांसह परभणीचे नाव आलेले आहे. रंगीत छत्रीसह पेटी आढळल्यास ती उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे, योग्य बक्षीस मिळेल, असा त्यांचा आशय. हा मजकूर प्रामुख्याने निषेधाचा आहे. शेतात अनोळखी पेटी पाहणाऱ्या मुलास ‘हात लावू नको’ एवढेच कळते. का, ते कळत नाही. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते आणि संशोधकांचे सारे श्रम त्या पेटीतच साठलेले असतात, ही कारणे शिक्षकानेच सांगावयाची आहेत. ती न सांगितल्यास भीती आणि अफवा यांनाच वाव मिळतो.

याच केंद्रावरून एप्रिल २००५ मध्ये झालेला प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. ४५९ किलो वजनाच्या संचाने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केले. एकीस आर्यभटाचे, एकीस इस्रोचे व एकीस फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. प्रयोगाचे प्रमुख अन्वेषक डॉ. जयंत नारळीकर होते, ज्यांच्या विज्ञानकथा मराठी मुले आवडीने वाचत आली. हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले, असा निष्कर्ष मात्र संशोधकांनी काढला नाही. बालवाङ्मयात परग्रहवासी सहज अवतरतात. येथे पुरावा अपुरा म्हणून शास्त्रज्ञ थांबले. मुलांच्या दृष्टीने हा थांबाच प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग ठरावा.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील काही क्ष-किरण शोधक टाटा संस्थेतच, फुग्यांवरील प्रयोगांच्या अनुभवातून घडले.