एकेरी मार्ग आणि लोखंडी गोळा

१८५६ साली जी. आय. पी. रेल्वेची गाडी पळसदरीवरून खोपोलीस पोहोचली, तेव्हा बोरघाट चढण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नव्हते. १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग खुला झाल्यावर मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे, पालखीतून अगर तट्टावरून घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. १८६३ साली घाटातून लोहमार्ग गेला व खोपोली एका बाजूस पडली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली असा हा फाटा. रुळांची जोडी एकच, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही गाड्यांना तीच हवी. घाटातील बोगद्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु गणकयंत्रांच्या शास्त्रातील एक बिकट कोडे समजून घ्यावयाचे तर असला साधा एकेरी मार्गच अधिक उपयोगी.

एकेरी मार्गावर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आरंभी सारी भिस्त वेळापत्रक व तारायंत्र यांवर असे. ती किती पोकळ होती हे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडात नॉर्विचजवळ दिसून आले. नॉर्विचच्या अधिकाऱ्याने 'मेल पाठवा' असा मजकूर लिहिला. त्यावर त्याची सही नव्हती, तरी तार ब्रंडल स्थानकास गेली. इकडे त्याच रुळांवर उलट दिशेची गाडी सोडण्यात आली. चूक ध्यानात येताच मेल रोखण्याची तार केली, तो उत्तर आले: मेल सुटली. पंचवीस माणसे प्राणास मुकली. मार्ग मोकळा आहे असे पाहणे आणि त्यावर गाडी घालणे, या दोहोंच्या मध्ये जी फट होती तिने हा घात केला.

१८७८ साली एडवर्ड टायर यांनी त्या फटीवर उपाय काढला. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने एकमेकांस बांधलेली. एक चकती बाहेर निघाली की ती परत पडेपर्यंत दोहोंतूनही दुसरी निघत नाही. भारतात पुढे याच तत्त्वावरील नीलचे यंत्र रूढ झाले. त्यात चकतीऐवजी लोखंडी गोळा. गोळा हाती आल्याखेरीज ड्रायव्हरने पुढील स्थानकाकडे निघावयाचे नाही. स्टेशनमास्तर कितीही घाईत असला तरी यंत्र त्याचे ऐकत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

आता गणकयंत्राकडे वळू. समजा, खालापुरातील एका गोदामाच्या वहीत भाताची १०० पोती नोंदलेली आहेत. दोन कारकुनांनी एकाच वेळी तो आकडा वाचला. प्रत्येकाने आपली आलेली १० पोती मिळवून ११० लिहिले. वहीतून १० पोती नाहीशी झाली. दोघांची बेरीज मात्र बिनचूक! यंत्राच्या स्मृतीतील एकाच घरावर दोन कामे अशी तुटून पडली म्हणजे त्यास डेटा रेस म्हणतात. ही चूक दहा हजार वेळा दडून राहते आणि एकदाच वर येते, म्हणून ती शोधणे महाकठीण.

एड्सगर डायक्स्ट्रा या डच पंडिताने यावर तोडगा सुचविला, आणि त्यास नाव दिले ते रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचे: सेमाफोर. एकाने स्मृतीच्या घराचा गोळा घ्यावा, काम उरकून परत ठेवावा, दुसऱ्याने तोवर थांबावे.

हा केवळ हिशेबाचा घोळ नव्हे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेराक-२५ नामक किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. काही त्यात दगावले. टायलर गावी १९८६ साली यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीने चुकीचे अक्षर दुरुस्त केले. पडद्यावर दुरुस्ती दिसली, परंतु ती आठ सेकंदांच्या आत झाल्यामुळे आतील दुसऱ्या कामास तिचा पत्ताच लागला नाही. आधीच्या थेराक-२० मध्येही तसाच दोष होता. मात्र तेथे स्वतंत्र विद्युत् अडसर असल्यामुळे कोणास इजा झाली नाही. नव्या यंत्रातून ते अडसर काढून सारा भार आज्ञावलीवर टाकला होता. ही काटकसर कोणत्याही स्टेशनमास्तरास मानवली नसती.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेने अडसर पुन्हा बसविला, तोही आज्ञावली चालू होण्यापूर्वीच. एका घरातील मजकूर वाचणारे अनेक चालतील, पण लिहिणारा असेल तर तो एकटाच. हा नियम मोडणारी आज्ञावली भाषांतरयंत्र स्वीकारीतच नाही. रस्टमध्ये कुलूप घेणाऱ्याचे काम संपताच ते आपोआप सुटते, परत करण्याचा विसर पडत नाही. तथापि दोन कामांनी एकेक कुलूप धरून दुसऱ्याच्या कुलुपाची वाट पाहात बसावे, हे मात्र तीही भाषा रोखू शकत नाही. तेव्हा टक्कर होत नाही. दोन्ही गाड्या तशाच उभ्या राहतात.