रोमला जाणाऱ्यांनी पूल जपून ओलांडावा

१९ डिसेंबर १४५०, शनिवारची संध्याकाळ. रोममधील संत पीटरच्या बॅसिलिकेत त्या दिवशी एका पवित्र वस्त्राचे दर्शन व्हायचे होते. क्रुसाकडे निघालेल्या येशूचा चेहरा वेरोनिका नावाच्या स्त्रीने ज्या वस्त्राने पुसला तेच हे, अशी भाविकांची श्रद्धा. फार उशीर झाल्यामुळे आता दर्शन होणार नाही, असे जाहीर झाले आणि सारा जमाव एकाच वेळी शहराकडे परत फिरला. मध्ये तायबर नदी, आणि नदीवर त्या बाजूला थेट शहरात नेणारा पूल एकच. पलीकडून दर्शनाला येणारी माणसे त्याच पुलावर चढलेली होती.

पुढे काय घडले ते ओघाने येईलच. त्याआधी पाहायचे आहे ते हे, की रोमसारख्या महानगरात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या परक्या माणसाला सातशे वर्षांत कोणी कोणी काय काय सांगून ठेवले होते.

युरोपात परके पाहुणे मोठ्या संख्येने येत असलेले शहर म्हणजे रोम. संत पीटर आणि संत पॉल यांच्या समाधींसाठी आल्प्स ओलांडून माणसे येत. स्वित्झर्लंडमधील आइनसीडेल्न मठात एक जुने हस्तलिखित आहे. त्यातील मजकूर साधारण आठव्या-नवव्या शतकातला. त्यात रोममधून जाणारे मार्ग दिले आहेत, तेही मोठ्या युक्तीने. पानावर दोन बाजू पाडून चालताना डाव्या हाताला काय दिसेल आणि उजव्या हाताला काय दिसेल, ते समोरासमोर लिहिले आहे. नकाशा हाती नसलेल्या माणसासाठी याहून सोयीची मांडणी सुचणे कठीण. मात्र त्यात वर्णन नाही, गोष्ट नाही, सल्लाही नाही. नुसती नावे.

इ.स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक पोपकडून आपल्या पदाचे मानवस्त्र घेण्यासाठी रोमला आला. त्याच्या फेरीची नोंद टिकून आहे. थोडक्या मुक्कामात त्याने २३ चर्चे पाहिली आणि मध्येच पोप जॉन पंधरावा याच्यासोबत भोजनही केले. आजच्या सहल कंपन्यांनाही लाजवील असा हा वेग. परतीच्या वाटेवरचे रोमपासून इंग्लिश खाडीपर्यंतचे जवळजवळ ८० मुक्काम त्याच नोंदीत क्रमाने दिले आहेत, आणि हीच यादी आज त्या जुन्या यात्रामार्गाचा मुख्य पुरावा मानली जाते.

वाट मात्र सुरक्षित नव्हती. ११२३ च्या लॅटरन धर्मसभेने रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंना लुटणाऱ्यांना, तसेच व्यापाऱ्यांकडून नवनवे जकात-कर उकळणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा ठरवली. असा नियम करावा लागला, यावरूनच वाटेवर काय चालत असे ते कळते. शहरात पोहोचल्यावर उन्हाळ्यातला ताप वाट पाहत असे. रोमभोवतीच्या दलदलीतील हिवताप उत्तरेकडच्या माणसांना विशेष बाधे. ११६७ च्या उन्हाळ्यात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने रोम घेतले खरे, पण काही दिवसांतच साथीने त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली.

या सगळ्या काळात सर्वांत लोकप्रिय ठरलेले पुस्तक म्हणजे ‘मिराबिलिया’, अर्थात ‘रोम नगरीतील आश्चर्ये’. ते ११४० च्या सुमारास लिहिले गेले. संत पीटरच्या चर्चमधील बेनेडिक्ट नावाच्या धर्मसेवकाकडे त्याचे कर्तृत्व दिले जाते. त्यात तटबंदी, वेशी, कमानी, टेकड्या, स्नानगृहे, राजवाडे, नाट्यगृहे अशा याद्या आहेत आणि त्यांच्या जोडीला अद्भुत कथांची रेलचेल आहे. कॅपिटोल टेकडीवर साम्राज्याच्या प्रत्येक प्रांताची एकेक मूर्ती होती म्हणे. तिच्या गळ्यात घंटा असे, आणि जो प्रांत बंड करी त्याची घंटा आपोआप वाजू लागे. व्हॅटिकनच्या उंच ओबेलिस्कवरील धातूच्या गोळ्यात ज्युलियस सीझरची राख आहे, असेही हे पुस्तक सांगते. सोळाव्या शतकात दोमेनिको फोंताना या स्थापत्यज्ञाने तो स्तंभ हलवला तेव्हा गोळा तपासला गेला. राख निघाली नाही.

या कथांना हसण्याचे कारण नाही. ज्यांना शिलालेख वाचता येत नव्हते आणि ज्यांच्यासमोर एवढाले भग्नावशेष उभे होते, त्यांनी त्यांचा काही अर्थ लावला, एवढेच. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या पुस्तकात रोमच्या पुलांचीही यादी आहे. पुलांची नावे आहेत. पुलावरून कसे जावे, याबद्दल एक शब्द नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी ग्रेगरी नावाचा एक विद्वान, बहुधा इंग्रज, रोमला येऊन गेला. त्याने स्वतःचे वृत्त लिहिले आणि यात्रेकरूंच्या भाकडकथांवर सडकून टीका केली. लॅटरनजवळच्या घोडेस्वाराच्या ब्राँझच्या पुतळ्याला यात्रेकरू थिओडोरिक म्हणत, रोमचे लोक कॉन्स्टंटाइन म्हणत आणि पोपच्या दरबारातले कार्डिनल व कारकून आणखी वेगळीच नावे सांगत, असे तो नोंदवतो. पुतळा खरा कोणाचा, तर मार्कस ऑरेलियसचा. सीझरच्या त्या ओबेलिस्कखालच्या फटीतून सरपटत गेले की पाप धुतले जाते, या समजुतीलाही तो थोतांड ठरवतो. हाच ग्रेगरी व्हीनसच्या एका संगमरवरी मूर्तीवर इतका लुब्ध झाला, की ती उतरण्याच्या जागेपासून दूर असूनही तीन वेळा पाहायला गेला. चिकित्सक माणसाचाही कोठेतरी पाय घसरतोच. अशी लबाडी आणि अशा अफवा ओळखण्याचे शिक्षण ग्रेगरीने वाचकाला दिले. गर्दीचा प्रश्न मात्र त्याच्यासमोर अजून आलेला नव्हता.

तो आला १३०० मध्ये. पोप बोनिफेस आठवा याने त्या वर्षी पहिली ‘ज्युबिली’ जाहीर केली. पीटर आणि पॉल यांच्या बॅसिलिकांचे दर्शन रोमच्या रहिवाशाने ३० दिवस आणि बाहेरून आलेल्याने १५ दिवस घेतले, तर पापांच्या शिक्षेतून पूर्ण मुक्ती. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हान्नी विलानी लिहितो, की वर्षभर शहरात कधीही दोन लाख यात्रेकरू असत. मध्ययुगीन आकडे सैल हाताने लिहिलेले असतात, तेव्हा ते जसेच्या तसे घेऊ नयेत. पण आस्ती गावचा ग्विलेल्मो व्हेंतुरा याची साक्ष अधिक जवळची वाटते. संत पॉलच्या वेदीपाशी दोन धर्मसेवक हातात दंताळी घेऊन नाणी ओढत उभे असलेले त्याने पाहिले. भाकरी, मद्य, मांस स्वस्त होते, पण घोड्याचे गवत आणि राहण्याची जागा महाग, असेही तो सांगतो. आणि स्त्रीपुरुष पायांखाली तुडवले जाताना आपण पाहिले, आपणही त्यातून थोडक्यात वाचलो, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी पुलावर एक साधा बंदोबस्त केला गेला. येणाऱ्यांनी एका बाजूने चालायचे, जाणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने. ही माहिती कोण्या शहरअधिकाऱ्याच्या दप्तरातून मिळत नाही, तर दांतेच्या ‘नरका’तून मिळते. अठराव्या सर्गात पापी माणसे दोन रांगांनी विरुद्ध दिशांना चालताना दाखवायची होती, आणि त्यासाठी त्याने ज्युबिलीच्या वर्षातला हा पूल उपमेला घेतला. एका बाजूचे लोक किल्ल्याकडे तोंड करून संत पीटरकडे, दुसऱ्या बाजूचे टेकडीकडे. नरकाच्या वर्णनात वाहतुकीचा नियम जपला जावा, ही इतिहासाची गंमतच.

१३५० ची ज्युबिली काळ्या साथीच्या पाठोपाठ आली. पोप फ्रान्समध्ये आविन्यों येथे होता, आणि आदल्या वर्षीच्या भूकंपाने रोममधली चर्चे खिळखिळी झालेली होती. विलानीचा भाऊ मात्तेओ लिहितो, की सगळे रोमन सराईवाले बनले. एकेका खोलीत वाटेल तितकी माणसे कोंबली जात, आणि बाहेरचे धान्य व मद्य शहरात येऊ न देता स्वतःचे चढ्या भावाने विकले जाई. पोपचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनलने परक्यांच्या मुक्कामाचे दिवस कमी केले, तेव्हा गर्दी हलकी झाली, पण शहराची मिळकतही घटली. त्या कार्डिनलवर भररस्त्यात बाण सुटला. बाण त्याच्या टोपीतून गेला. परक्याचे हित आणि यजमानाची थैली यांचे गणित तेव्हाही इतके सरळ होते.

१४५० मध्ये फ्लॉरेन्सचा व्यापारी जोव्हान्नी रुचेल्लाई रोमला आला. त्याचा दिनक्रम वाचताना वाटते, रोम पाहावे तर असे. सकाळी घोड्यावरून चार मोठ्या बॅसिलिकांचे दर्शन, जेवणानंतर पुन्हा घोड्यावर बसून प्राचीन अवशेषांचा शोध, आणि रात्री मुक्कामी परतल्यावर दिवसभराचे टिपण. दारावर पाटी लावलेल्या सराया १०२२, आणि बिनपाटीच्या कितीतरी, अशी नोंदही त्याने केली. तो वर्षाच्या आरंभी येऊन गेला. उन्हाळ्यात प्लेग पसरला, खुद्द पोप निकोलस पाचवा शहर सोडून फाब्रियानोला जाऊन राहिला. थंडी पडताच यात्रेकरू पुन्हा लोटले.

आणि मग तो शनिवार. सांतांजेलोचा पूल मूळचा सम्राट हेड्रियनचा, इ.स. १३४ चा. लांबी सुमारे १३५ मीटर. १४५० पर्यंत त्याच्या आजूबाजूला दुकाने आणि घरे दाटली होती, त्यामुळे तोंडाशीच वाट चिंचोळी झाली होती. परतणारा जमाव आणि येणारा जमाव मध्यावर भिडले. त्यातच कार्डिनल पिएत्रो बार्बो याचे खेचर अडकून बिथरले. मागच्यांना पुढचे दिसेना, ते रेटत राहिले. काही जण कठडा ओलांडून नदीत पडले, बाकीचे जागच्या जागी चेंगरले. मृतांचे आकडे नोंदींगणिक बदलतात. १७० च्या वर, कोणी २०० म्हणतात. पुलाजवळच्या सान चेल्सो चर्चमध्ये प्रेते ओळीने मांडली गेली, आणि नातेवाइकांनी रात्रभर दिव्यांच्या उजेडात आपली माणसे शोधली.

त्या मृतांपैकी कोणी ‘मिराबिलिया’ वाचले असेल, कोणी सराईवाल्याच्या लबाडीपासून सावध राहिला असेल, कोणी उन्हाळा टाळून मुद्दाम डिसेंबरात आला असेल. यात्रेकरूच्या हातात असलेली सारी सावधगिरी त्याने घेतली, तरी पुलाची रुंदी त्याच्या हातात नव्हती.

हे निकोलसने ओळखले. पुलाच्या तोंडाशी असलेली घरे आणि दुकाने पाडून तेथे मोकळा चौक केला गेला. मृतांच्या स्मरणार्थ पुलाच्या शहराकडील टोकाला दोन लहान प्रार्थनागृहे उभारली. ज्याचे खेचर अडकले तो बार्बो पुढे १४६४ मध्ये पॉल दुसरा या नावाने पोप झाला, आणि ज्युबिली दर २५ वर्षांनी यावी हे १४७० मध्ये त्यानेच ठरवले. म्हणजे गर्दी आता पिढीतून एकदा नव्हे, निदान दोनदा येणार होती. १४७१ मध्ये तो वारला, आणि पुढच्या ज्युबिलीची व्यवस्था त्याच्यामागून आलेल्या सिक्स्टस चौथ्याकडे गेली.

सिक्स्टसने १४७३ मध्ये नदीवर खालच्या अंगाला नवा पूल बांधायला घेतला. तेथे प्राचीन पूल होता, पण तो कधीचाच मोडून ‘तुटका पूल’ म्हणून ओळखला जाई. नव्या पुलाच्या लेखात त्याने बांधकामाचे कारण कोरून ठेवले आहे : रोमच्या जनतेच्या आणि ज्युबिलीसाठी येणाऱ्या परक्या जनसमुदायाच्या सोयीसाठी. पाहुण्यांची गर्दी हे बांधकामाचे कारण म्हणून उघडपणे दगडात लिहिले गेले. पुलाच्या मधल्या खांबात पुराच्या पाण्याला वाट मिळावी म्हणून एक गोल भोक ठेवले आहे. पाणी त्या भोकापर्यंत चढले की पूर मोठा, असा अंदाज रोमकर पुढे कित्येक पिढ्या बांधत आले.

त्याच सुमारास छापखाने रोममध्ये आले आणि ‘मिराबिलिया’ लॅटिन व जर्मन भाषांत छापून यात्रेकरूंच्या हाती पडू लागली. सांतांजेलोजवळची ती दोन प्रार्थनागृहे मात्र फार टिकली नाहीत. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले, तेव्हा त्यांच्याच आडोशाने सैनिकांनी किल्ल्यावर गोळ्या झाडल्या. पोप क्लेमेंट सातव्याने ती काढून टाकून त्या जागी पीटर आणि पॉल यांचे पुतळे बसवले. सतराव्या शतकात पुलाच्या दोन्ही कठड्यांवर बर्निनीच्या आराखड्याप्रमाणे दहा देवदूत आले. आज रोमला जाणारा पाहुणा देवदूतांची छायाचित्रे घेतो, आणि ज्या मृतांसाठी तेथे कधीकाळी दिवा लागत असे त्यांच्या जागी उभ्या असलेल्या पीटर-पॉलच्या मधून पुलावर पाऊल टाकतो.