पंचाचा फासा

टेबलाभोवती चार-पाच जण. प्रत्येकाकडे एकेक पात्र: कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण मात्र गेम मास्टर, म्हणजे बाकीचं सगळं जग त्याच्या ताब्यात. खेळाडू म्हणतो, "मी पहारेकऱ्याला लाच देतो." पुढे काय झालं ते गेम मास्टर सांगतो, लागलं तर फासे टाकायला लावून. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मुळे हा प्रकार जगभर पोचला.

मी मित्रमंडळींसाठी गेम मास्टर होतो, आणि एक भांडण मला पाठ झालंय. खेळाडू म्हणतो, पात्र माझं तर निर्णयही माझा. गेम मास्टर म्हणतो, जग माझं तर शेवटचा शब्दही माझा. या भांडणाचा माग काढत गेलो, तर पोचलो थेट प्रशियाच्या सैन्यात.

१८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळ, या नावाने नियमांचं पुस्तक छापलं. नकाशावर दोन बाजू लढायच्या, पण सोंगट्यांना खेळाडू हात लावत नसत. ते पंचाला लेखी हुकूम देत. पंच सैन्य हलवायचा, फासे टाकून किती माणसं पडली ते ठरवायचा आणि खेळाडूला तेवढंच सांगायचा जेवढं खऱ्या सेनापतीला दिसलं असतं.

पंच लागलाच का? बुद्धिबळात लागत नाही, कारण तिथे चाली मोजक्या आणि पट सगळ्यांसमोर उघडा. युद्धात सेनापती काहीही हुकूम देऊ शकतो: पूल जाळा, खोटी माघार घ्या, रात्री निघा. 'काहीही' या शब्दाला पुरे पडतील इतके नियम कुणालाच लिहिता येत नाहीत. म्हणून दोन्ही बाजू माहीत असलेला, उत्तर देणारा माणूस हवा. पंचाचा अधिकार आला तोच मुळी खेळाडूला मोकळं सोडता यावं म्हणून.

पुढे नियम इतके वाढले की खेळ रटाळ झाला. १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवलं, कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. खेळ झपाझप चालू लागला. पण आता सगळी भिस्त एका माणसाच्या प्रामाणिकपणावर.

तो ढळला की काय होतं? मे १९४२. मिडवेच्या मोहिमेआधी जपानी नौदलाने 'यामातो' युद्धनौकेवर सराव-खेळ मांडला. अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला केला, तेव्हा पंच ओकुमिया यांनी फासे टाकले: नऊ बॉम्ब लागले, 'अकागी' आणि 'कागा' बुडाल्या. खेळ चालवणारे अॅडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नाही, तीनच. 'अकागी' वाचली. थोड्या वेळाने 'कागा'सुद्धा पटावर परत आली. ही हकिगत ओकुमिया यांनीच नंतर एका पुस्तकात सहलेखक म्हणून नोंदवली. ४ जूनला दोन्ही जहाजं खरोखर पेटली आणि त्या लढाईत जपानने एकूण चार विमानवाहू जहाजं गमावली. एका फाशामुळे लढाई हरली असं कुणी म्हणणार नाही. पण जो प्रश्न वेळेवर विचारायला हवा होता, तो त्या टेबलावरच पुसला गेला.

इकडे अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांचं 'स्ट्रॅटेगोस' हे एकोणिसाव्या शतकातलं युद्धखेळाचं पुस्तक डेव्हिड वेसली यांना मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं. खेळाडूने काहीही करून पाहावं, पंचाने निकाल द्यावा, ही कल्पना त्यांनी उचलली. १९६९ मध्ये त्यांनी 'ब्राउनस्टाइन' या काल्पनिक गावातला खेळ मांडला आणि सैन्यांसोबत महापौर, बँकर अशाही भूमिका वाटल्या. खेळाडू कोपऱ्यात जाऊन कट रचू लागले, दोघं द्वंद्वयुद्धाला उभे राहिले. वेसलींना वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातलेच एक डेव्ह आर्नसन. १९७४ मध्ये त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला.

तोल पुढेही ढळत राहिला. १९८४ पासून आलेल्या 'ड्रॅगनलान्स' साहसांमध्ये कथा आधीच ठरलेली होती. महत्त्वाचं पात्र मेलंच, तर पुढे परत आणता यावं म्हणून त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवायची सोयही होती. गाडी रुळावरून हलूच द्यायची नाही, या प्रकाराला खेळाडू 'रेलरोडिंग' म्हणतात. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने उलटी वाट धरली: गेम मास्टरने काय करायचं हेच नियमांत लिहिलं आणि कथा आधी ठरवून येऊ नका, असं बजावलं.

या दोनशे वर्षांतून मी एक साधी वाटणी घेतलीय. काय करून पाहायचं, हे खेळाडूचं. त्याचं काय झालं, हे गेम मास्टरचं. पण पणाला काय लागलंय ते फासा टाकण्याआधी सांगायचं, आणि पडलेला फासा बदलायचा नाही. पात्र वाचावं म्हणून हळूच आकडा बदलणारा गेम मास्टर बहुतेक वेळा मायेपोटीच तसं करतो. पण खेळाडूला एकदा कळलं की आपण मरतच नाही, की तो विचार करणं सोडतो. मग त्याने पूल जाळला काय आणि पहारेकऱ्याला लाच दिली काय, सगळं सारखंच.

उगाकींनीही 'कागा' वाचवलीच होती.