जावास्क्रिप्ट आणि एकफलकी संगणक : प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पायरीचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वेग, स्मृती आणि किंमत या निकषांवर लिहिला जातो. नवशिक्याच्या दृष्टीने मात्र यंत्र सुरू केल्यापासून स्वतः लिहिलेल्या पहिल्या आज्ञेचा परिणाम दिसेपर्यंत किती अडथळे ओलांडावे लागतात, हा निकष अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रक्रियक, स्मृती आणि जोडणीची टोके एकाच फलकावर असलेल्या लहान संगणकास एकफलकी संगणक म्हणता येईल. अशा संगणकांपैकी 'बीगलबोन' याच्या आधारे जावास्क्रिप्टने ही पहिली पायरी कशी सुलभ केली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१९८१ मध्ये ब्रिटनमध्ये आलेला 'बीबीसी मायक्रो' सुरू करताच बेसिक भाषेत आज्ञा लिहिता येत असे. भारतातही १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात हेच यंत्र वापरले गेले. पुढे वैयक्तिक संगणक तयार आज्ञावली चालविण्याचे साधन बनला आणि यंत्र व विद्यार्थी यांच्यातील अंतर वाढले. केंब्रिजमधील एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना याच गोष्टीची चिंता वाटत होती. त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' विक्रीस आला. त्याच्या 'ए' आणि 'बी' या प्रकारांची नावे बीबीसी मायक्रोवरून घेतलेली आहेत.

जावास्क्रिप्टचा प्रवेश

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा सिद्ध केला. ही भाषा प्रामुख्याने ब्राउझरपुरती मर्यादित होती. २००९ मध्ये रायन डाल यांनी गूगलच्या 'व्ही८' इंजिनावर आधारित 'नोड.जेएस' तयार केले आणि तिचा ब्राउझरबाहेरील वापर वेगाने वाढला. २०११ च्या अखेरीस आलेल्या बीगलबोनवर लिनक्ससह नोड.जेएस, 'क्लाउड९' हे संपादक आणि जेसन क्रिडनर यांचे 'बोनस्क्रिप्ट' हे ग्रंथालय यांची सोय होती. २०१३ मध्ये 'बीगलबोन ब्लॅक' ४५ डॉलरला उपलब्ध झाला.

कार्यपद्धती

फलक यूएसबी केबलने संगणकास जोडावयाचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.२ हा पत्ता उघडावयाचा. फलक स्वतःच आपले पान पाठवीत असल्याने वेगळा पडदा वा कळफलक लागत नसे. 'पिनमोड' या आज्ञेने टोक निर्गमनासाठी निश्चित करावयाचे, 'डिजिटलराइट'ने त्यावर शून्य वा एक ही स्थिती द्यावयाची आणि 'सेटइंटरव्हल'ने ती ठरावीक काळाने बदलावयाची, एवढ्यावर फलकावरील दिवा उघडझाप करू लागे. पहिल्या दोन आज्ञांची नावे आर्डुइनोच्या धर्तीवर होती, तिसरी ब्राउझरमधूनच आली होती.

येथे भाषेचा स्वभावही उपकारक ठरला. पानावरील बटण दाबले जाण्याची वाट पाहत असताना जावास्क्रिप्ट इतर कामे थांबवीत नाही. घटना घडताच नेमून दिलेले कार्य पार पाडले जाते. खरे बटण किंवा तापमानाचा संवेदक जोडला तरी विचाराची रीत तीच राहते.

मर्यादा

तथापि, अतिसूक्ष्म कालमापनाच्या कामांसाठी ही व्यवस्था पुरेशी नाही. लिनक्स अनेक कामांत वेळ वाटून देतो, तर जावास्क्रिप्टला निरुपयोगी स्मृती मोकळी करण्यासाठी मध्येच थांबावे लागते. म्हणूनच बीगलबोनच्या प्रक्रियकात अशा कामांसाठी २०० मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र उपप्रक्रियक आहेत. दुसरी मर्यादा ऐतिहासिक आहे. २०१६ मध्ये क्लाउड९ अॅमेझॉनने विकत घेतले आणि कालांतराने बोनस्क्रिप्टही मागे पडले. नोड.जेएस व घटनाधिष्ठित विचारपद्धती मात्र टिकून राहिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, केवळ स्वस्त फलक उपलब्ध झाल्याने प्रोग्रॅमिंगचा आरंभ सुकर होत नाही. विद्यार्थ्याला अवगत असलेली भाषा आणि तत्काळ दिसणारा परिणाम यांची जोड आवश्यक असते. त्याचबरोबर, विशिष्ट साधनाच्या आज्ञा पाठ करून घेणारा अभ्यासक्रम त्या साधनाबरोबरच कालबाह्य होतो. साधन बदलले तरी उपयोगी पडेल अशी विचाराची रीत शिकविणे, हीच अध्यापकाची खरी जबाबदारी ठरते.